महामार्ग पोलिसांचा रेडिओ : खुला असावा की बंद?

पोलिस स्कॅनर हा फक्त ऐकण्याचा रेडिओ आहे; त्यावरून बोलता येत नाही. साध्या रेडिओवर एक केंद्र लावले की काटा तिथेच राहतो. स्कॅनर मात्र त्यात भरलेल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक झपाट्याने चाळत जातो आणि जिथे कोणी बोलताना सापडेल तिथे थांबतो. बोलणे संपले की फेरी पुन्हा सुरू. १९७०च्या आसपासच्या यंत्रांत प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा स्फटिक विकत घेऊन बसवावा लागे, त्यामुळे श्रोत्याला मोजक्याच चॅनेलांवर भागवावे लागे. पुढे फ्रिक्वेन्सी आकड्यांनी भरता येऊ लागल्या, यंत्रे स्वस्त झाली आणि अमेरिकेत स्वयंपाकघराच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या कचेरीत, टोइंगवाल्याच्या गॅरेजात स्कॅनर दिसू लागला.

या श्रोत्यांचे एक जुने आवडते ठिकाण म्हणजे कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोल. १९२९ मध्ये स्थापन झालेले हे राज्य पातळीवरचे दल फ्रीवेंवर आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर गस्त घालते. बाकीची बहुतेक पोलिस दले वरच्या फ्रिक्वेन्सींवर गेली, तरी या दलाचा मुख्य रेडिओ ३९ ते ४५ मेगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यातच राहिला. या पट्ट्यातल्या लहरींची लांबी सात मीटरच्या घरात असते. त्या टेकड्यांना आणि चढउतारांना वळसा घालत दूरवर जातात, म्हणून मोहावी वाळवंटासारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशात कमी मनोऱ्यांवर काम भागते. त्याची किंमत म्हणजे गाडीच्या मागे डुलणारी पावणेदोन मीटरची अँटेना. उन्हाळ्यात वातावरणाच्या वरच्या थरात अधूनमधून आयनांचे दाट पट्टे तयार होतात आणि या लहरी तिथून परावर्तित होऊन हजारभर किलोमीटरवर ऐकू येतात. छांदिष्टांना या दलाची गोडी लागण्याचे हेही एक कारण आहे.

ऐकू काय येते, ते एका नेहमीच्या प्रकारावरून कळेल. डिस्पॅचर सांगते : ११-२५, म्हणजे रस्त्यात अडथळा, नंबर दोन लेनमध्ये शिडी पडली आहे. लेनची मोजणी मधल्या दुभाजकाकडून होते, त्यामुळे नंबर दोन म्हणजे भरधाव वाहनांचीच लेन. जवळची गाडी ‘निघालो’ म्हणते. मग येतो ट्रॅफिक ब्रेक. गस्तीची गाडी दिवे लावून शिडीच्या बरीच अलीकडे रस्त्यावर येते आणि सगळ्या लेन नागमोडी ओलांडत वेग उतरवत नेते. मागची वाहने आपोआप सावकाश होतात, पुढे रिकाम्या रस्त्याचा एक पट्टा तयार होतो आणि तेवढ्या वेळात दुसरा अधिकारी धावत जाऊन शिडी ओढून कडेला टाकतो. ‘कोड ४’, म्हणजे आणखी मदत नको. सगळे काही मिनिटांत आटोपते. दोन मैल मागे असलेल्या ड्रायव्हरला पुढच्या गाड्यांचे लाल दिवे तेवढे दिसतात. स्कॅनर ऐकणाऱ्याला कारण माहीत असते.

हे ऐकण्याची मोकळीक सर्वांना असावी का, हा अमेरिकेत आज चांगलाच पेटलेला वाद आहे. दोन्ही बाजू इथे आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीने मांडल्या आहेत : रेडिओ बंद करावा म्हणणारा पूर्वपक्ष, खुला ठेवावा म्हणणारा उत्तरपक्ष.

पूर्वपक्ष : हा खुलेपणा कोणी विचारपूर्वक दिलेला नाही. आवाज झाकण्याचे तंत्र स्वस्त नव्हते, म्हणून पोलिस उघड्यावर बोलत राहिले. आता तंत्र हाताशी आहे. जे नाइलाजाने चालत होते, त्याला हक्क म्हणता येणार नाही.

उत्तरपक्ष : इतिहास तसे सांगत नाही. डेट्रॉइट पोलिसांनी ७ एप्रिल १९२८ला गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून नियमित संदेश पाठवायला सुरुवात केली. तो रेडिओ एकेरी होता. गाडीतल्या शिपायाला उत्तर द्यायचे तर टेलिफोन शोधावा लागे. दुहेरी बोलणे १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावी सुरू झाले. त्या दशकातल्या घरगुती रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलिस’ असा वेगळा पट्टाच छापलेला असे. म्हणजे लोक ऐकतात हे सरकारला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. १९३४च्या दळणवळण कायद्याने बंधन घातले ते ऐकलेले इतरांना सांगण्यावर आणि त्यातून स्वतःचा फायदा करून घेण्यावर. १९८६च्या कायद्याने तर स्पष्टच लिहिले की पोलिस, अग्निशमन वगैरे सार्वजनिक सेवांचे जे संदेश सर्वांना सहज मिळू शकतात, ते ऐकणे गुन्हा नाही. कायदेमंडळाने दोन वेळा विचार करून दिलेल्या मुभेला नाइलाज कसा म्हणायचा?

पूर्वपक्ष : त्याच कायद्यात कूटबद्ध केलेले संदेश वगळले आहेत. दलाने उद्या चॅनेल कूटबद्ध केले तर तक्रारीला जागा उरत नाही. शिवाय इतर देश पाहा. ब्रिटनमध्ये परवानगीशिवाय असे संदेश ऐकणे गुन्हा आहे, जर्मनीतही आहे. भारतात १९३३च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणेच गुन्हा ठरवले. महाराष्ट्रातल्या महामार्ग पोलिसांची वायरलेस घरी बसून ऐकण्याचा छंद कधी रुजला नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही.

उत्तरपक्ष : अडले नाही असे म्हणणे घाईचे आहे. घाटात गाड्यांची रांग लागली की पुढे काय झाले हे तासभर कोणालाच कळत नाही, हा अनुभव महाराष्ट्रातल्या प्रवाशांना नवा नाही. जे कधी मिळालेच नाही, त्याची उणीव जाणवत नाही, इतकेच. बाकी कूटबद्ध करण्याचा अधिकार दलाला आहे, हे मान्य. प्रश्न तो वापरावा का, हा आहे.

इथवरचा वाद कायद्याचा झाला. खरा कस लागतो तो पुढच्या मुद्द्यांवर.

पूर्वपक्ष : चोराला पोलिस कुठे आहेत हे कळू द्यायचे का? पाठलाग चालू असताना पळणाऱ्या गाडीत स्कॅनर असेल तर पुढच्या एक्झिटवर कोण उभे आहे, हे त्याला आधीच समजते. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना यांसारख्या राज्यांनी गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधने घातली ती याच कारणाने. आणि आता तर वेगळा स्कॅनरही नको. कोणीतरी घरच्या स्कॅनरचा आवाज इंटरनेटवर सोडतो आणि तो कोणाच्याही मोबाइलवर ऐकू येतो. गाडीतल्या यंत्रावरचे बंधन त्यामुळे कागदावरच राहिले.

उत्तरपक्ष : मग शिक्षा वापरणाऱ्याला व्हावी. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत तशी तरतूद आहे. गुन्ह्याला मदत व्हावी किंवा अटक टळावी म्हणून पोलिसांचे संदेश ऐकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पाठलागाचे म्हणाल, तर लॉस एंजेलिसमध्ये तो वरून टीव्हीची हेलिकॉप्टर दाखवत असतात. १७ जून १९९४च्या संध्याकाळी खुनाचा आरोप असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन ज्यात बसला होता त्या पांढऱ्या ब्रॉन्को गाडीमागून पोलिसांच्या गाड्या फ्रीवेवरून संथपणे जात होत्या, तेव्हा सारा देश ते थेट पाहत होता. आणि ज्या कारवाईत खरोखर गुप्तता लागते, त्यासाठी वेगळे कूटबद्ध चॅनेल वापरायला कोणाचीच हरकत नाही. शिडी उचलण्याच्या चॅनेलला कुलूप कशासाठी?

पूर्वपक्ष : कारण त्याच चॅनेलवर लोभी लोकही कान लावून बसतात. अपघाताचा कोड ऐकला की बोलावल्याशिवाय धावून येणाऱ्या टोइंगच्या गाड्या हा अमेरिकेतला जुना उपद्रव आहे. जखमी, भांबावलेल्या माणसाची कागदावर सही घेतली जाते आणि गाडी सोडवताना भरमसाट बिल हातात पडते.

उत्तरपक्ष : हा उपद्रव खरा आहे, आणि त्यावरचा इलाज कानावर हात ठेवण्यात नाही, हेही कॅलिफोर्नियाने दाखवले आहे. हायवे पॅट्रोलकडे टोइंगवाल्यांची पाळीची यादी असते. ज्याची पाळी त्याला बोलावतात. कोणी न बोलावता अपघातस्थळी गाडी थांबवून गिऱ्हाईक पटवणे वाहन कायद्याने गुन्हा ठरवले आहे. शिवाय १९९१पासून लॉस एंजेलिसच्या फ्रीवेंवर बंद पडलेल्या गाड्यांना मोफत मदत करणारी गस्त फिरते. पाळी, बंदी आणि मोफत सेवा यांनी धंदेवाईकाचा फायदाच काढून घेतला की त्याने काहीही ऐकले तरी बिघडत नाही.

या दोन मुद्द्यांवर उत्तरपक्षाची बाजू भक्कम दिसते. खासगीपणाच्या मुद्द्यावर मात्र पारडे फिरते, आणि पूर्वपक्षाचे म्हणणे इथे शांतपणे ऐकून घेणे भाग आहे.

पूर्वपक्ष : वेग जास्त होता म्हणून एका बाईंना कडेला थांबवले. अधिकारी त्यांचे लायसन्स हातात घेऊन रेडिओवर नाव, जन्मतारीख, लायसन्सचा नंबर वाचतो. डिस्पॅचर तो खातरजमेसाठी परत वाचते, मग पत्ता सांगते, गाडी कोणाच्या नावावर आहे ते सांगते. बाईंचा अपराध किरकोळ आहे, कदाचित नाहीच. पण त्यांची सगळी ओळख हवेत गेली. पूर्वी ती परिसरातल्या काही छांदिष्टांच्या कानांवर पडून विरून जाई. आता ती इंटरनेटवर ध्वनिमुद्रित होऊन राहते. घरातल्या मारझोडीतून पळालेल्या बाईचा नवा पत्ता असा बाहेर पडला तर त्याची भरपाई कोण करणार?

उत्तरपक्ष : याला उत्तर म्हणून कोणताही हक्क पुढे करता येणार नाही. ही माहिती खुल्या चॅनेलवर जाता कामा नये, हे पूर्णपणे मान्य.

पूर्वपक्ष : मग वाद संपला.

उत्तरपक्ष : संपला नाही, नेमका इथे सुरू झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने राज्यातल्या दलांना परिपत्रक पाठवून हीच माहिती जपायला सांगितले. नाव आणि त्याच्या जोडीला लायसन्सचा नंबर किंवा तशीच ओळख पटवणारी बाब एकत्र उघड होऊ नये, हा त्याचा गाभा होता. त्यासाठी मार्ग दोन दिले होते : रेडिओ कूटबद्ध करा, नाहीतर ही माहिती खुल्या चॅनेलवर जाणार नाही असे नियम करा. कितीतरी शहरांनी पहिला, सोपा मार्ग धरला आणि सरसकट सगळे बंद केले. हायवे पॅट्रोलने दुसरा धरला. नेहमीचा रेडिओ खुला ठेवला आणि कोणती माहिती कशासोबत बोलायची नाही, याची शिस्त लावली. नंबर एकदा, नाव वेगळे, बाकीचे फोनवर किंवा गाडीतल्या संगणकावर. इतक्या मोठ्या राज्यात विखुरलेल्या दलाला हे जमते, तर एका शहराच्या पोलिसांना का जमू नये?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. पालो आल्टो या सिलिकॉन व्हॅलीतल्या शहराने जानेवारी २०२१ मध्ये आपला पोलिस रेडिओ कूटबद्ध केला. नागरिक आणि पत्रकार यांनी त्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये शहराने तो पुन्हा खुला केला. खासगी माहितीसाठी वेगळी सोय ठेवली. त्याच वर्षी राज्याच्या सिनेटमधले जॉश बेकर यांनी सर्वच दलांनी नेहमीचा रेडिओ खुला ठेवावा असे विधेयक मांडले. त्यात हायवे पॅट्रोलचे उदाहरण पुढे केले होते. विधेयक मंजूर झाले नाही.

पूर्वपक्ष : शिस्तीवर किती विसंबायचे? रात्री दोन वाजता, पावसात, दारू प्यायलेल्या ड्रायव्हरसमोर उभा असलेला अधिकारी काय बोलायचे आणि काय नाही याचा हिशेब करत बसणार का?

उत्तरपक्ष : हिशेब तो आधीपासूनच करतो. पोलिसांचे रेडिओवरचे बोलणे मुळातच काटेकोर असते. दहाचे कोड घ्या. ते १९३०च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्य पोलिसांत आकाराला आले. त्या काळच्या संचाचे जनित्र चालू व्हायला क्षणभर लागे, त्यामुळे पहिला शब्द गिळला जाई; म्हणून प्रत्येक कोडाआधी ‘दहा’ म्हणायची रीत पडली. थोडक्यात आणि स्पष्ट बोलता यावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्याला अशाच अकराच्या कोडांतले ११-७९ म्हणजे रुग्णवाहिका पाठवलेला अपघात, ११-४४ म्हणजे मृत्यू आणि ११-९९ म्हणजे सहकाऱ्याला तातडीने मदत हवी, हे तोंडपाठ असते. ज्याला इतके पाठ होते, त्याला आणखी एक नियम जड नाही.

पूर्वपक्ष : तुम्ही मृत्यूचा कोड स्वतःच सांगितलात. घरच्यांच्या आधी तो अनोळखी माणसाने ऐकावा?

उत्तरपक्ष : कोडमध्ये नाव नसते. ठिकाण असते, लेन असते, गाडीचा प्रकार असतो. हीच माहिती हायवे पॅट्रोल आपल्या संकेतस्थळावर चालू घटनांच्या यादीत मिनिटामिनिटाला स्वतःच देते.

पूर्वपक्ष : आणि ऐकणारे अर्धवट ऐकून पसरवतात त्याचे काय? एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर वॉटरटाउनमध्ये आरोपीचा शोध चालू होता. असंख्य लोक इंटरनेटवर स्कॅनर ऐकत होते. त्या रात्री पोलिस रेडिओवर ऐकल्याचा दाखला देऊन एका निरपराध, बेपत्ता विद्यार्थ्याचे नाव आरोपी म्हणून जगभर पसरवले गेले. त्याच्या कुटुंबाने काय सोसले असेल? बोस्टन पोलिसांना पथके कुठे आहेत हे पसरवू नका, असे जाहीरपणे विनवावे लागले.

उत्तरपक्ष : त्या रात्रीचा दोष नाकारता येत नाही. रेडिओवरचा पहिला संदेश हा कोणीतरी फोनवर सांगितलेला अंदाज असतो, घडलेली गोष्ट नव्हे. हायवे पॅट्रोलच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे : केंद्र एका फ्रिक्वेन्सीवर बोलते आणि गाड्या दुसऱ्या, त्यामुळे घरी ऐकणाऱ्याला पुष्कळदा एकच बाजू ऐकू येते. म्हणून ऐकणे वेगळे आणि जाहीर करणे वेगळे, हा १९३४च्या कायद्याने केलेला भेद आज अधिकच जपायला हवा. पण रेडिओ बंद केला की अफवा थांबत नाही. तिला खोटे ठरवण्याचे साधन मात्र जाते.

पूर्वपक्ष : पत्रकारांना वेगळा प्रवेश देता येईल. कोलोरॅडोने २०२१ मध्ये रेडिओ कूटबद्ध करणाऱ्या दलांना पत्रकारांसाठी धोरण करायला लावले. शिकागोने अर्ध्या तासाच्या उशिराने संदेश ऐकण्याची सोय केली.

उत्तरपक्ष : अर्धा तास! कॅलिफोर्नियात १९५५पासून सिगअलर्ट नावाची पद्धत आहे. लॉइड सिग्मन या रेडिओ अभियंत्याने लॉस एंजेलिसमध्ये ती बसवली. पोलिसांनी एक स्वर पाठवला की रेडिओ केंद्रातले यंत्र संदेश ध्वनिमुद्रित करून घेई आणि निवेदक तो तिथल्या तिथे प्रसारित करी. आज त्या नावाने जाहीर होते ती अर्धा तास किंवा जास्त वेळ लेन बंद ठेवणारी घटना. पोलिसांनीच अपघाताची बातमी लोकांपर्यंत ताबडतोब पोचवण्याची परंपरा जिथे इतकी जुनी आहे, तिथे अर्ध्या तासाने ऐकून ड्रायव्हरने कोणता एक्झिट घ्यायचा? आणि पत्रकार कोण हे दलाने ठरवायचे, तर ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्यानेच पहारेकरी निवडल्यासारखे होईल.

पूर्वपक्ष : लक्ष ठेवायला न्यायालये आहेत, चौकशी समित्या आहेत.

उत्तरपक्ष : त्या नंतर येतात. ३ मार्च १९९१च्या मध्यरात्रीनंतर रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाचा पाठलाग सुरू केला तो हायवे पॅट्रोलनेच, २१० क्रमांकाच्या फ्रीवेवर. पुढे लॉस एंजेलिस पोलिसांनी त्याला केलेली मारहाण जगाला कळली ती शेजारच्या रहिवाशाने चित्रित केली म्हणून. त्यानंतर नेमलेल्या ख्रिस्तोफर आयोगाने पोलिसांच्या गाड्यांतल्या संगणकांवरचे संदेश तपासले, तेव्हा त्यांत वंशद्वेषाने भरलेले मजकूर निघाले. ते संदेश स्कॅनरला कधीच ऐकू येणारे नव्हते. पोलिसांचे जे बोलणे लोकांच्या कानांपासून दूर गेले, त्यात काय चालते याचा तो पुरावा आहे. सगळे बोलणे तसेच दूर न्यायचे का?

पूर्वपक्षाने याला थेट उत्तर दिलेले नाही, आणि देणे अवघडही आहे. त्याची खरी ताकद खासगीपणाच्या मुद्द्यात आहे आणि तो मुद्दा निर्विवाद आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष माहितीपुरता आहे; चॅनेल बंद करण्यापर्यंत तो पोचत नाही. महामार्गावर ही गोष्ट अधिकच लागू पडते. तिथल्या रेडिओचा मोठा भाग अडथळे, अपघात, बंद गाड्या आणि वळवलेली वाहतूक यांनी व्यापलेला असतो. तो रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या जिवाशी निगडित आहे आणि अपघातस्थळी येणाऱ्या अग्निशमन दलाला, रुग्णवाहिकेला आणि टोइंगवाल्यालाही ऐकू येण्यातच त्याचा उपयोग आहे. नाव, नंबर आणि पत्ता हवेत जाऊ न देणे, खास कारवायांना वेगळे कूटबद्ध चॅनेल ठेवणे आणि बाकीचा रेडिओ खुला ठेवणे ही हायवे पॅट्रोलची पद्धत बरोबर आहे. आज ती दलाच्या मर्जीवर उभी आहे. राज्याच्या कायदेमंडळाने ती कायद्यात लिहायला हवी.